लाडाच्या मुठीने मरणारी पिले



कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, वीज, कर्ज यांवर आपण बैठकीत तासन्‌तास बोलतो. घरामागच्या खुराड्याचा विषय निघाला की मात्र सभेत हशा पिकतो. "कोंबड्यांचं काय घेऊन बसलात?" असे म्हणणारा एकजण प्रत्येक गावात असतोच. पाहुणा आला की त्याच्या घरी रस्सा कशाचा होतो, पोराची वही कोणत्या पैशातून येते, आठवडी बाजाराच्या दिवशी मीठमिरचीची रोकड कोणाच्या पदराच्या गाठीतून सुटते, हे त्याला जरा विचारा. कोरडवाहू घरात कापूस वर्षातून एकदा पैसा दाखवतो आणि तो पैसा उंबरठा ओलांडण्याआधीच देणेकऱ्यांच्या वाटेला लागतो. अंड्यांचा आणि कोंबड्याचा पैसा थोडा असतो, पण तो बारा महिने येतो आणि बाईच्या हातात येतो. बहुधा म्हणूनच त्याची मोजदाद कोणी करत नाही.

मिळकतीची मोजदाद नाही, त्यामुळे तोट्याचीही नोंद नाही. शंभर पऱ्हाटीतल्या साठ झाडांना मर लागली तर आपण तलाठ्याच्या दारात पंचनाम्यासाठी बसतो. खुडूक कोंबडीखालून दहा पिले निघाली आणि महिन्यात चारच उरली, तर घरात काय म्हणतात? "असं होतच असतं." कोणी नशिबावर ढकलतो, कोणी नजरेवर, कोणी घारीवर. घार, मुंगूस आणि मांजर आपापला वाटा नेतात, हे खरे आहे. मानमोडी आली तर खुराडेच्या खुराडे बसते, हेही खरे आहे. तिच्यावर लस आहे आणि ती वेळेवर टोचलीच पाहिजे. पण या सगळ्यांचा वाटा वजा करूनही जी मर उरते, तिच्यातली बरीच आपल्याच हाताने घातलेली असते, आणि तीही मायेने. या मायेविरुद्ध आज बोलायचे आहे. तिच्या आडून जे दुसरे हात सुटून जातात, त्यांच्याविरुद्धही बोलायचे आहे.

उकिरड्यावर कोण जगते?

"कोंबडीला काय लागतं? उकिरडा उकरते आणि जगते." हे वाक्य मोठ्या कोंबडीबद्दल बरेचसे खरे आहे. पिलाबद्दल ते साफ खोटे आहे.

पिलू अंड्यातून बाहेर पडते तेव्हा बलकाचा उरलेला अंश त्याच्या पोटात असतो. त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरू शकते. हॅचरीतले एक दिवसाचे पिलू खोक्यात बसून शेकडो कोस जाते, ते याच शिदोरीवर. शिदोरी संपली की त्याला सगळे बाहेरून लागते. पस्तीस-चाळीस ग्रॅमचा तो गोळा. सुधारित जातीचा असेल तर सहा आठवड्यांत त्याला दहा पटींहून जास्त वाढायचे असते. हाड, मांस, पीस, सगळे याच दिवसांत बनते. ज्या वयात वाढ एवढी वेगाची, त्या वयातला आहारही तेवढ्याच ताकदीचा हवा. म्हणून पिलांच्या खाद्यात शंभरात सुमारे २० भाग प्रथिने असावीत, असे शास्त्र सांगते.

आपल्या ज्वारीत प्रथिने किती? शंभरात सुमारे १०. त्यातही लायसिन हा जो अंश पिलाच्या वाढीला सर्वांत जास्त लागतो, तोच ज्वारीत कमी. ज्वारी वाईट नाही. ती माणसाला जगवते, बैलाला कडबा देते, मोठ्या कोंबडीला उत्तम चालते. आपली पांढरी ज्वारी पक्ष्यांना लाल ज्वारीपेक्षा बरीच बरी, कारण लाल दाण्यात टॅनिन जास्त असते आणि ते प्रथिने पचू देत नाही. पण एकट्या ज्वारीवर पिलू वाढवणे म्हणजे तान्ह्या लेकराला नुसत्या पेजेवर ठेवणे. पोट भरते, अंग भरत नाही.

मुठीचा हिशेब

आता हिशेब मांडू या. पहिल्या आठवड्यात एक पिलू दिवसाला सुमारे १० ग्रॅम खाते. दहा पिलांचे झाले १०० ग्रॅम. आजी येते, पिलांची चिवचिव ऐकून तिला गहिवर येतो, आणि ती मूठभर ज्वारी टाकते. मूठ म्हणजे ५० ग्रॅम धरा. पिलांचे दिवसाचे अर्धे खाणे त्या एका मुठीत आले. उरलेले अर्धे खाद्याचे. निम्मे दहाचे आणि निम्मे विसाचे मिळून पिलाच्या पोटात गेले १५. वाढीला हवे होते २०. म्हणजे आजीने पिलांना दाणे घातले असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तिने त्यांच्या ताटातला पाव हिस्सा काढून घेतला. तिला ते कोणी सांगितलेच नव्हते.

हाच लाड दहाव्या हिश्शात ठेवला तर? मग पोटात जातात १९. पिलाचे काही बिघडत नाही. म्हणून मोजमाप साधे आहे. वरचा खाऊ कोणताही असो, तो दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर जाता कामा नये. पहिल्या आठवड्यात एका पिलाला हा दहावा हिस्सा होतो एक ग्रॅम, म्हणजे ज्वारीचे तीस-चाळीस दाणे, आणि तेही भरडलेले. दहा पिलांना दोन चिमट्या पुरतात. मूठ नको, चिमूट हवी. पिले वाढतील तशी चिमूट वाढवा.

आणखी एक गोष्ट. विकतच्या पिलांच्या खाद्यात बऱ्याचदा रक्ती हगवणीविरुद्धचे औषध मिसळलेले असते. खाऊने पोट भरलेले पिलू ते खाद्य कमी खाते, तेव्हा औषधही कमी जाते. मग ओल्या भुशातून रोग शिरतो आणि आपण म्हणतो, पोत्यातले खाद्यच भेसळीचे होते.

काय घालू नये

आपल्या घरात आणि शेतात जे सहज हाताशी असते, त्यातलेच काही पिलांना मारते. नावे घेऊन सांगतो.

सरकी आणि सरकीची ढेप. कापसाच्या मुलखात हा मोह सर्वांत मोठा. "गाय खाते, मग पिलाला काय होतं?" गाईला चार कप्प्यांचे पोट आहे. सरकीच्या दाण्यात जे काळे बारीक ठिपके दिसतात, त्यांत गॉसिपॉल नावाचे विष असते. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटात त्याची धार बोथट होते. पिलाच्या पोटात होत नाही. ते लोह आणि लायसिन बांधून ठेवते, वाढ खुंटते, जास्त झाले तर जीव जातो. अंड्यावरच्या कोंबडीनेही ही ढेप खाल्ली तर बलकाचा रंग बिघडतो आणि बाजारात अंडे परत येते. ढेप गोठ्यात राहू द्या.

बियाण्याचे उरलेले दाणे. पाकिटातले लाल-निळे-हिरवे बियाणे, मग ते कापसाचे असो की ज्वारीचे, औषध लावलेले असते. तो रंग धोक्याचा इशारा म्हणूनच दिलेला असतो. थायरम हे बुरशीनाशक पिलांच्या पायाची हाडे अधू करते, हे कुक्कुटशास्त्रात जुने ठरलेले सत्य आहे. कीटकनाशक लावलेले बियाणे तर त्याहून घातक. धुऊन, चोळून, वाळवून ते खाद्य होत नाही. रिकामे पाकीट आणि सांडलेले दाणे अंगणात येऊ देऊ नका.

काळी पडलेली ज्वारी. खरिपाची ज्वारी कापणीला येते आणि पाऊस येतो. कणीस काळे पडते, व्यापारी नाक मुरडतो, आणि घरातले म्हणतात, टाका कोंबड्यांना. तो काळेपणा बुरशीचा असतो. बुरशीची विषे डोळ्यांना दिसत नाहीत आणि शिजवून, भाजून पुरती जात नाहीत. मोठी कोंबडी त्यातले काही पचवून जाते, पिलू पचवत नाही. शेंगदाण्याच्या ढेपेचेही तसेच. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेतला तेव्हा कारण निघाले बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. अफ्लाटॉक्सिन हे नाव जगाला कळले ते या मरतुकीतून. ज्या मालाला बाजार नाही म्हणतो, तो माल आपल्या पिलांच्या पोटात ढकलणे ही काटकसर नव्हे.

कच्चे सोयाबीन. आता कापसाच्या जोडीला सोयाबीन घरोघरी आहे. कच्च्या दाण्यात प्रथिने पचू न देणारा अंश असतो. प्रथिनांचा राजा म्हणून पिलांना भरडून घातलात, तर वाढ होण्याऐवजी ती थांबते. नीट भाजल्यावर किंवा कारखान्यात उष्णता दिलेल्या पेंडीत तो दोष राहत नाही.

खारट-चमचमीत. चिवडा, पापड, लोणच्याचा खार, उरलेली भाजी. पिलाच्या खाद्यात मीठ शेकडा पाव-अर्धा भागाच्या वर लागत नाही. जास्त मीठ गेले की पिलू पाण्यावर तुटून पडते, पोटात पाणी धरते आणि मरते.

अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य आणि शिंपल्याचा चुरा. कवच बनवण्यासाठी त्यात चुन्याचा अंश पिलाच्या गरजेच्या तिप्पट-चौपट असतो. अंडी न घालणाऱ्या पिलाच्या मूत्रपिंडावर तो भार पडतो.

फवारलेल्या शेतातल्या अळ्या आणि मेलेल्या जनावरावरच्या अळ्या. पहिलीत औषध, दुसरीत सडक्या मांसाचे विष. दुसऱ्या विषाने पक्ष्याची मानच लुळी पडते. बोंडातली अळी फुकटची प्रथिने म्हणून वेचून आणण्याआधी शेवटची फवारणी कधी झाली ते आठवा.

काय घालावे, केव्हा घालावे

आता कोणी म्हणेल, मग काय पिलांना काही घालूच नये? घालावे. पण क्रमाने घालावे.

पहिल्या एक-दोन दिवसांत कागदावर पसरलेली मक्याची किंवा ज्वारीची बारीक भरड आणि स्वच्छ पाणी. ही भरड म्हणजे लाड नव्हे, ती चोच शिकवण्याची पाटी आहे. त्यानंतर पहिला पंधरवडा नुसते पिलांचे खाद्य. या काळात खाऊ न घालणे हाच खरा लाड. आणि ऊब. पहिल्या आठवड्यात पिलांच्या अंगाशी ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करायची. गारठलेले पिलू एकमेकांवर चढते, खात नाही, आणि मग कितीही उत्तम दाणा टाका, तो भुशात जातो. पाणी उथळ भांड्यात ठेवा आणि त्यात स्वच्छ खडे टाका, म्हणजे पिलू बुडत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून चिमूट सुरू करा. मेथी, कोथिंबीर, शेपू बारीक चिरून. लांब काडी किंवा गवताची दोरी नको, ती गळ्याखालच्या पोटीत अडकून गोळा होतो. उकडलेल्या अंड्याचा बारीक चुरा चालतो. ज्वारीची चुरी चालते, पण दाणा सुरू केला की खडीही हवी. पक्ष्याला दात नाहीत, त्याचे जाते पोटात आहे आणि जात्याला दगड लागतो. नदीची जाड धुतलेली वाळू एका वाटीत ठेवा, पिलू लागेल तेवढी उचलते.

आणि वाळवी. जुन्या बायकांना ही युक्ती ठाऊक आहे. जुने मडके घ्यायचे, त्यात ओलसर शेण आणि धांड्याचा चुरा भरायचा, वाळवीच्या जागी पालथे घालून ठेवायचे. सकाळी वाळवीने भरलेले मडके पिलांपुढे झटकायचे. जमिनीत वाळवीचे औषध टाकलेले नसेल तर यासारखा प्रथिनांचा खाऊ नाही, आणि त्याला दुकानदार लागत नाही. मात्र इथेही चिमटीचाच नियम.

खुडूक कोंबडीकडे एकदा नीट पाहा. ती किडा चोचीत धरते, खाली टाकते, कुटकुट करून पिलांना बोलावते. एक किडा, मग पुढची जागा, मग दुसरा किडा. ती पिलांपुढे ढीग कधी घालत नाही. ढीग घालण्याची अक्कल फक्त माणसाची.

पोत्याचे पुजारी

इथपर्यंत वाचून पोतेवाले खूश झाले असतील. "आम्ही हेच सांगतो! पोत्याखेरीज काही घालू नका." थांबा. तुमच्याशीही भांडण आहे.

पोत्यातले खाद्य पिलाला चांगले, हे मान्य. पण पोत्यात काय असते, हे शेतकऱ्याला कोण सांगते? मका किंवा ज्वारी, सोयाबीनची पेंड, कोंडा, खनिजे, जीवनसत्त्वे. यातले दाणे आणि सोयाबीन शेत आपलेच पिकवते. ते सुगीला पडत्या भावात जाते आणि पोते होऊन चढत्या भावात परत येते. मधली किमया काय, तर हिशेब. तोच हिशेब आपणही करू शकतो. भरडलेली ज्वारी ६० भाग, तिची प्रथिने झाली ६. सोयाबीनची तेल काढलेली पेंड ३० भाग, शंभरात ४५ धरून झाली साडेतेरा. कोंडा ७ भाग, त्याची आणखी थोडी. खनिज मिश्रण ३ भाग. बेरीज वीसच्या घरात जाते. जीवनसत्त्वांचे मिश्रण पाकिटावर लिहिल्याप्रमाणे घाला, दाणा बुरशीचा घेऊ नका, आठवड्यापुरतेच भरडा. सहा आठवड्यांत एका पिलाला किलो-दीड किलोच्या आसपास खाद्य लागते. वीस पिलांना एका पोत्याच्या आतबाहेर. दहा घरांनी मिळून भरडले तर गिरणीचा फेराही वाचतो.

"पोतेच घ्या, नाहीतर पिलू मरू द्या" असा सल्ला ज्याच्या हातात रोकड नाही त्याला देणे म्हणजे सल्ला न देणेच. पोते अर्ध्यात संपते, पुढचे घ्यायला पैसे नसतात, आणि मग तीच मूठ, तीच काळी ज्वारी. चूक कोणाच्या नावावर लागते? बाईच्या.

वाटपाचे आकडे

आता सरकारी हातांकडे वळू. हैदराबादच्या कुक्कुटपालन संशोधन संचालनालयाने परसातल्या पाळणुकीसाठी वनराज ही जात तयार केली. तिच्याबरोबरची शिफारसच अशी की पहिले सहा आठवडे पिले उबेत आणि संतुलित खाद्यावर वाढवायची, लसी द्यायच्या, आणि मगच परसात सोडायची. केंद्राच्या जुन्या परसबाग योजनेत तर मातृकेंद्रात चार आठवडे वाढवलेली पिले वाटण्याची पद्धत होती. म्हणजे पहिला महिना किती नाजूक, हे सरकारला ठाऊक आहे. तरीही एक दिवसाच्या शंभर-शंभर पिलांचे गट वाटण्याच्या योजना आपल्या राज्यात राबवल्या गेल्या. खोकी उतरतात, फोटो निघतो, वाटपाचा आकडा वर जातो. आठव्या आठवड्याला त्यातली किती जिवंत आहेत, हा रकाना आपल्या गावातल्या किती जणांनी पाहिला आहे?

ज्या बाईला शंभर पिले दिली, तिला सहा आठवड्यांचा खाद्याचा हिशेब दिला का? विजेचा भरवसा नसलेल्या घरात ऊब कशी धरायची, ते दाखवले का? लस कोण आणि कोणत्या दिवशी टोचणार, ते लिहून दिले का? यातले काही न देता पिले देणे म्हणजे कर्ज न देता बियाणे देणे आणि पीक बुडाले की शेतकरी आळशी म्हणणे. ही रीत आपल्या पुरती ओळखीची आहे.

यावर कोणी म्हणेल, देणाऱ्याला दोष आणि आजीलाही दोष, हे कसे? आजीला दोष नाही. तिच्या मुठीत माया होती, माहिती नव्हती. ज्याच्याकडे माहिती होती आणि ती ज्याने खोक्याबरोबर दिली नाही, दोष त्याचा. पण हा लेख वाचल्यावर मूठ तशीच राहिली, तर पुढचा दोष आपला.

बैठकीसाठी

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोनच आकडे आणावेत. या वर्षी गावात किती पिले निघाली किंवा मिळाली, आणि आठव्या आठवड्याला किती उरली. हे आकडे घरातल्या बायकांकडूनच मिळतील, म्हणून त्यांनाच बैठकीला आणा आणि त्यांनाच बोलू द्या. कोणाचे पिलू कशाने गेले, हेही त्या सांगतील.

मागण्या तीन. एक, वाटायची पिले चार आठवड्यांच्या आतली नकोत. तशी द्यायचीच असतील तर सहा आठवड्यांचे खाद्य आणि लसी सोबत द्या. दोन, प्रत्येक खोक्याबरोबर मराठीत एक कागद द्या, काय घालावे आणि काय घालू नये याचा. सरकी, रंगीत बियाणे आणि काळी ज्वारी यांची नावे त्यावर ठळक हवीत. तीन, वाटपाच्या आकड्याशेजारी जगलेल्या पिलांचा आकडा छापा.

मागण्या मान्य होईपर्यंत वाट पाहायची गरज नसलेले कामही आहे. ते आज संध्याकाळपासून करता येते. बियाण्याची रिकामी पाकिटे अंगणातून उचला. ढेपेचे पोते खुराड्यापासून दूर ठेवा. आणि पिलांपुढे हात न्याल तेव्हा मूठ उघडून पाहा, तिच्यात किती दाणे आहेत.